रोज एकदा टॉर्च लावून बघा

मुलांच्या दातांना तारा बसवायच्या म्हटलं की हल्ली आईवडील बिचकत नाहीत. शेजारच्या मुलीला बसवल्यात, मावसभावाला बसवल्यात, वर्गातही चार-पाच जणांना आहेत, असं सांगतच तुम्ही येता. पण उपचार सुरू होऊन काही महिने झाले की डॉक्टर म्हणतात, "आता दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवावा लागेल," आणि तुमचा चेहरा उतरतो. एवढ्याशा लेकराच्या हाडात स्क्रू? दुखेल का? दाताच्या मुळाला लागेल का? आयुष्यभर आतच राहणार का?

हे प्रश्न विचारायलाच हवेत आणि त्यांची उत्तरं धीर देणारी आहेत. जागेपुरती भूल देऊन काही मिनिटांत स्क्रू बसतो, टाके पडत नाहीत, त्या दिवशीचं दुखणं साध्या वेदनाशामक गोळीने आवरतं. काम संपलं की तो उलटा फिरवून काढतात, त्याला बहुतेकदा भूलही लागत नाही, आणि राहिलेलं छिद्र थोड्याच दिवसांत बुजतं. मूळ वाचवण्यासाठी डॉक्टर आधी एक्स-रे बघतात. क्वचित स्क्रू मुळाला टेकलाच, तर तो काढून जागा बदलल्यावर ती जखम सहसा आपोआप भरते.

मला तुमच्याशी बोलायचंय ते मात्र पालक सहसा विचारत नाहीत त्या गोष्टीबद्दल. स्क्रू बसला, घरी आलात, आठवडा गेला. आता त्याच्याभोवतीच्या हिरडीकडे कोण बघतंय?

कारण स्क्रू शेवटपर्यंत टिकणार की मध्येच सैल होऊन निघणार, हे बऱ्याच अंशी त्याच्या मानेभोवतीच्या दोन-तीन मिलिमीटर हिरडीवर अवलंबून असतं. ती हिरडी आम्हा डॉक्टरांना चार ते सहा आठवड्यांतून एकदा दिसते, आणि बिघडायला तिला तीन आठवडेही पुरतात. मधल्या काळात तिला बघू शकेल असं घरात कुणी असेल, तर ते तुम्हीच.

मुळात हा स्क्रू लागतो कशाला, ते आधी सांगते. दात पुढे आलेले असले की पुष्कळदा चार उपदाढा काढून जागा करतात आणि पुढचे सहा दात मागे ओढतात. ओढायला आधार घेतात मागच्या दाढांचा. इथेच पंचाईत होते. रस्सीखेचीत दोर दोन्हीकडून ताणला जातो; दाढा पुढच्या दातांना मागे खेचतात तेव्हा पुढचे दातही दाढांना पुढे खेचत असतात. मग मुद्दाम केलेल्या जागेतली थोडी जागा दाढाच खाऊन टाकतात आणि ओठ जेवढे आत जायला हवेत तेवढे जात नाहीत. पूर्वी यावर हेडगिअर हा उपाय होता, म्हणजे डोक्याला किंवा मानेला पट्टा आणि त्याला जोडलेली तार, रोज बारा-चौदा तास. मुलं ते घालायला टाळाटाळ करायची, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आता दाढांऐवजी हाडातल्या स्क्रूला दोर, म्हणजे स्प्रिंग किंवा रबराची साखळी, बांधतात. दीडशे-दोनशे ग्रॅमची ओढ तो निमूटपणे सोसतो आणि दाढा जागेवर राहतात.

हा विचार जुना आहे. १९४५ साली गेन्सफोर्थ आणि हिग्ली या दोघांनी कुत्र्यांच्या जबड्यात व्हायटॅलियम नावाच्या मिश्रधातूचे स्क्रू बसवून हा प्रयोग केला होता. सगळे स्क्रू १६ ते ३१ दिवसांत निघून आले. त्यानंतर बरीच वर्षं कुणी त्या वाटेला फारसं गेलं नाही. १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एक्लुंड यांनी एका तरुणीच्या नाकाखालच्या हाडात स्क्रू बसवून तिचे वरचे पुढचे दात वर उचलून दाखवले, आणि १९९७ मध्ये जपानच्या कानोमींनी अवघ्या १.२ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूने हेच काम करता येतं हे दाखवल्यावर आजच्या मिनी-स्क्रूंचा काळ सुरू झाला. आज आपल्याकडे वापरतात ते स्क्रू साधारण १.२ ते २ मिलिमीटर जाड आणि ६ ते १२ मिलिमीटर लांब असतात. बहुतेक टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात, काही मोठे स्टेनलेस स्टीलचे.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. पडलेल्या दाताच्या जागी बसवतात ते इम्प्लांट वेगळं. ते हाडाशी कायमचं एकजीव व्हावं लागतं. हा स्क्रू पुढे काढायचाच असतो, त्यामुळे तो हाडात मुख्यतः घट्ट बसल्यामुळे टिकतो, एकजीव झाल्यामुळे नाही. म्हणून तो सहज काढता येतो. पण म्हणूनच भोवतीचं थोडंसं हाड झिजलं तरी तो हलू लागतो. आणि हाडापर्यंत पोचणाऱ्या त्रासाची सुरुवात बहुतेकदा वरच्या हिरडीपासून होते.

नेमकं काय होतं? स्क्रूचं डोकं तोंडात उघडं असतं, मान हिरडीतून आत जाते. निरोगी हिरडी त्या मानेला चिकटून बसते आणि जंतूंची आत जायची वाट अडवते. पण धातूवर, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत, डोक्याच्या खालच्या खाचेत काही तासांतच जंतूंचा पातळ चिकट थर बसायला लागतो. पाण्याच्या चुळीने तो जात नाही, ब्रशने घासावाच लागतो. राहिला, तर हिरडी त्याच्याशी झगडायला लागते. तिथे रक्त जास्त येतं, ती लाल होते, फुगते, हात लागताच रक्त येतं. फुगलेली हिरडी मानेपासून सुटते, मध्ये खाच पडते, खाचेत आणखी थर साचतो. हे चक्र चालू राहिलं की सूज खाली हाडाकडे सरकते.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूसमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर त्या आठवडाभरात पूर्ववत झाल्या. १९९४ मध्ये इम्प्लांटभोवतीच्या हिरडीवरही तसाच तीन आठवड्यांचा प्रयोग झाला आणि तिथेही सूज आलीच. तुमच्यासाठी यातल्या दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत. दुर्लक्ष झालं तर तीन आठवडे पुरतात. आणि सूज वरवरची असतानाच पकडली, तर औषधाविना, नुसत्या नीट सफाईने ती जाते.

तरीही मला नेहमी ऐकू येतं, "डॉक्टर, रक्त यायलंय की हो, म्हणून तिथं ब्रश लावणं बंद केलंय." हे आईच्या मायेपोटी होतं, मला कळतं. लेकराला लागतंय, रक्त दिसतंय, मग हात कसा लावायचा? पण ब्रश मऊ असेल तर ते रक्त ब्रशने जखम केली म्हणून आलेलं नसतं. सुजलेल्या हिरडीतून ते आलेलं असतं, आणि सूज थर साचल्यामुळे असते. घासणं बंद केलं की थर वाढतो, सूज वाढते, आणखी रक्त येतं. अशा वेळी हलक्या हाताने, पण रोज, आणि नेमकं तिथेच घासायचं. चार-पाच दिवसांत रक्त कमी होताना तुम्हाला स्वतःला दिसेल. आठवडाभर नीट घासूनही कमी झालं नाही, तर कारण दुसरं काहीतरी आहे. मग फोन करा.

आता हिरडीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण स्क्रू बसवायच्या आधीच तुम्ही डॉक्टरांना काय विचारायचं ते यावरून कळेल. आज रात्री मुलाला आरशासमोर उभं करा आणि वरचा ओठ अंगठ्याने हळूच उचला. दाताच्या लगत फिकट गुलाबी, घट्ट, हाडाला चिकटलेला एक पट्टा दिसेल. ओठ हलवला तरी तो हलत नाही. त्याच्या वर, एका रेषेनंतर, रंग गडद लाल होतो, कातडी पातळ आणि चकचकीत होते, बारीक शिरा दिसतात, आणि ओठ ओढला की ती सगळी त्याबरोबर ओढली जाते. खालची पक्की हिरडी, वरची सैल.

स्क्रू पक्क्या हिरडीतून बसला तर कड मानेभोवती शांत राहते. सैल भागातून बसला तर बोलताना, हसताना, जेवताना कड सतत मानेवर घासत राहते आणि हळूहळू डोक्यावर चढू लागते. मग सगळे स्क्रू पक्क्या हिरडीतच का बसवत नाहीत? कारण हा पट्टा काही मिलिमीटरच रुंद असतो, आणि तिथे दोन दातांच्या मुळांमधलं अंतरही कमी असतं. मुळं टोकाकडे निमुळती होत जातात, त्यामुळे वर जावं तशी दोन मुळांमधली जागा वाढते. म्हणजे हिरडीच्या दृष्टीने खाली चांगलं, मुळांच्या दृष्टीने वर. डॉक्टरांना मधली जागा शोधावी लागते. काही वेळा स्क्रू तिरका घालून दोन्ही साधतं, काही वेळा नाही.

म्हणून स्क्रू बसवण्याआधी सरळ विचारा, "ही जागा पक्क्या हिरडीत येते का? नसेल तर वर हिरडी चढू नये म्हणून काय करणार?" कुठल्याही चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न खटकणार नाही. मात्र सैल हिरडीत बसवला म्हणजे चुकीचाच बसवला, असा निष्कर्ष काढू नका. खालच्या जबड्यात दाढांच्या बाहेरच्या बाजूला किंवा वर गालाच्या हाडाच्या मुळाशी जे मोठे स्टीलचे स्क्रू बसवतात, ते पुष्कळदा सैल भागातच येतात. तैवानमधल्या डॉक्टरांनी खालच्या जबड्यातल्या अशा १,६८० स्क्रूंची नोंद ठेवून २०१५ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांतले ७.२ टक्के निघाले, आणि पक्क्या व सैल हिरडीत फारसा फरक दिसला नाही. पण त्यांनी एक पथ्य पाळलं होतं. स्क्रूचं डोकं हिरडीपासून चांगलं ५ मिलिमीटर वर ठेवलं होतं, म्हणजे ब्रश खालून फिरेल. मुद्दा सफाईला जागा मिळण्याचा आहे.

आणखी दोन-तीन गोष्टी डॉक्टरांनी न विचारताही आपणहून सांगायच्या असतात. खोट्या धातूच्या कानातल्यांनी मुलीचा कान पिकत असेल तर ते सांगा, कारण स्टीलमध्ये निकेल असतं. मुलाला मधुमेह असेल, हृदयाच्या झडपेचा काही त्रास असेल, रक्त लवकर थांबत नसेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. दातांचा आणि याचा काय संबंध, असं वाटून बऱ्याच घरांत हे राहून जातं.

सफाई कशी करायची ते आता सांगते. मऊ ब्रश हवा. त्याशिवाय एकाच झुपक्याचा छोटा ब्रश मिळतो. मेडिकलमध्ये नसला तर दवाखान्यातून मागून घ्या. स्क्रूच्या वरून, खालून, दोन्ही बाजूंनी तो झुपका फिरवायचा आणि मग स्प्रिंग किंवा रबराच्या साखळीखालून. एका स्क्रूला अर्धा मिनिट पुष्कळ झालं. मंजन, राखुंडी, मीठ-कोळसा यांतलं काहीही तिथे चोळू नका. त्याचे बारीक कण हिरडीच्या कडेत अडकतात.

हात कुठे पोचत नाही, हेही लक्षात ठेवा. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा डावा भाग आपसूक जास्त स्वच्छ होतो, उजव्या बाजूला मनगट वळवावं लागतं म्हणून ती राहून जाते. कोरियातल्या पार्क ह्यो-सांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८७ रुग्णांच्या २२७ स्क्रूंचा अभ्यास २००६ मध्ये मांडला. उजव्या बाजूचे स्क्रू जास्त निघाले आणि भोवती सूज असलेलेही जास्त निघाले. उजव्या बाजूबद्दल त्यांनी दिलेलं कारण हेच, उजव्या हाताने डावीकडे सफाई चांगली होते. तुमचं मूल डावखुरं असेल तर उलट बाजू बघा.

आपल्या ताटाबद्दलही बोलायला हवं. सोलापुरात मुलाला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बंद करा म्हणून सांगणारा डॉक्टर मला पटत नाही. ते मूल ऐकणार नाही आणि ऐकूही नये. पण ही चटणी कुटलेली असते, तेल सुटलेली असते. तिचा बारीक, तेलकट चुरा स्क्रूच्या डोक्याखाली आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत जाऊन बसतो आणि साध्या चुळीने निघत नाही. कडक भाकरीचा तुकडा सुजलेल्या कडेला टोचतो, शिवाय ब्रॅकेट उचकटतो. भाकरी आमटीत चांगली भिजवून खाऊ द्या. चटणी दह्यात कालवून द्या. आणि जेवण झाल्यावर, हात धुतानाच, दोन-तीन जोरदार चुळा भरायची सवय लावा. शाळेत डब्यानंतर ब्रश होणार नाही, चूळ होऊ शकते. हुरड्याच्या दिवसांत आणि गड्ड्याच्या जत्रेत पोरं दिवसभर काही ना काही चघळत असतात. जाऊ द्या त्यांना. त्या रात्री मात्र कितीही उशीर झाला तरी ब्रश चुकू देऊ नका.

आता टॉर्च. रात्री ब्रश झाल्यावर मोबाइलचा टॉर्च लावा, मुलाला खुर्चीत बसवा, मान थोडी मागे, तोंड अर्धंच उघडं. पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो आणि काही दिसत नाही. गाल बोटाने बाजूला घ्या. तीन गोष्टी बघायच्या. रंग शेजारच्या हिरडीसारखाच आहे की तेवढाच गोल लाल आणि चकचकीत झालाय? कड मानेला चिकटून आहे की फुगून वर आलीय? आणि स्क्रूचं डोकं गेल्या आठवड्यापेक्षा कमी दिसतंय का? तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगाचा. हिरडी हळूहळू चढते, रोज बघणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून दर रविवारी एक फोटो काढून ठेवा. दोन फोटो शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो, आणि दवाखान्यात पाठवायलाही तोच उपयोगी पडतो.

तेरा-चौदा वर्षांचं मूल तोंड उघडून दाखवत नाही, हे मला माहीत आहे. या वयात अंगात होणाऱ्या बदलांमुळे हिरड्या लवकर सुजतात आणि मूलही लवकर चिडतं. "ब्रश केलास का?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर मिळणार. ते विचारूच नका. "एवढे पैसे घातलेत तुझ्या दातांवर" हे तर कधीच बोलू नका. त्यानंतर मूल सूज आली तरी लपवतं, आणि लपवलेली सूज आमच्यापर्यंत येते तेव्हा स्क्रू हलत असतो. त्यापेक्षा फोटो त्यालाच काढू द्या. आरशात त्यालाच बघू द्या, काय दिसलं ते त्यालाच सांगू द्या. एक आई मला म्हणाली की आधी ती मुलासमोर स्वतःच्या हिरड्या टॉर्चने बघते, मग त्याच्या. त्या घरातल्या दोघांच्याही हिरड्या सुधारल्या.

सूज दिसली तर काय करायचं? स्क्रू बसवल्यावर पहिले तीन-चार दिवस थोडी सूज, थोडं ठणकणं स्वाभाविक आहे, पण ते उतरत गेलं पाहिजे. ती उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नव्याने आलेली सूज मात्र गांभीर्याने घ्यायची. दिवसातून दोन-तीनदा कोमट मिठाच्या पाण्याने चुळा आणि नेटकी सफाई, एवढं लगेच सुरू करा. डॉक्टरांनी सांगितलं तर क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश वापरा, पण त्यांनी सांगितलेल्या दिवसांपुरतंच. महिनोन् महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बिघडते. टूथपेस्ट लावल्यावर लगेच ते घेऊ नका, मध्ये अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या रसायनामुळे त्याचा जोर कमी होतो.

लवंगेचं तेल लावू नका, सुजलेली हिरडी त्याने भाजते. मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणून देऊ नका. थर धातूवर बसलेला आहे, गोळीने तो निघत नाही, घासूनच निघतो. मुलाला जिभेने किंवा बोटाने स्क्रू हलवून बघायची सवय लागते, तीही मोडा.

दवाखान्यात आम्ही काय करतो, हेही ऐकून ठेवा. पुष्कळदा स्प्रिंग किंवा साखळीच हिरडीत रुतलेली असते, तिचा मार्ग बदलला की आठवड्यात फरक पडतो. हिरडी डोक्यावर चढली असेल तर थोडी भूल देऊन तेवढा भाग काढतात आणि पुन्हा चढू नये म्हणून डोक्यावर टोपण बसवतात. काही वेळा काही दिवस ओढ काढून ठेवतात. पू येत असेल, स्क्रू स्पष्ट हलत असेल, तर तो काढणंच योग्य. हलणारा स्क्रू ठेवून काही साधत नाही.

आणि निघालाच तर? जगभरच्या अभ्यासांचा २०१२ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात शंभरातले साधारण १३-१४ स्क्रू मुदतीआधी निघाल्याचं दिसलं. म्हणजे तुमच्या मुलाचा स्क्रू निघाला तर तो त्याचाच हलगर्जीपणा, किंवा डॉक्टरांचाच, असं लगेच ठरवू नका. वाढत्या वयात हाड अजून पक्कं झालेलं नसतं, काहींचं हाड मुळातच पातळ असतं. शेजारी नवी जागा बघून किंवा काही आठवडे थांबून दुसरा बसवता येतो. घरीच निघाला तर तो डबीत घालून घेऊन या. लोंबणारी स्प्रिंग ओढू नका, मेण असेल तर ते लावून ठेवा. गिळला गेला आणि मूल नेहमीसारखं असेल तर तो सहसा शौचावाटे जातो, पण डॉक्टरांना कळवा. खोकला लागला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर आमच्या फोनची वाट न बघता थेट सिव्हिल किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांतलं काही असलं तरी त्याच दिवशी दाखवा. तुमचा दवाखाना बंद असेल तर दुसरा बघा. केगावला दंत महाविद्यालय आहे, तिथेही जाता येईल.

एक अवघड गोष्ट बोलते, आणि ती मनावर घ्या अशी विनंती करते. आपल्या भागात अजून घराघरांत मिश्री आहे. आजी लावते, कधी आईही लावते, आणि हिरड्या दुखतात म्हणून नातवंडाच्या बोटावरही ठेवली जाते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा आणि सुपारी शाळेच्या आसपास मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे. तंबाखूने हिरडीतला रक्तपुरवठा आखडतो आणि जखम भरत नाही. वाईट हे की सूज असूनही रक्त कमी येतं, म्हणजे जे चिन्ह बघून आपण सावध व्हायचं तेच झाकलं जातं. तोंडात स्क्रू असताना मिश्रीचं बोट त्या मुलाच्या हिरडीला लागता कामा नये. आजींना हे आदराने, पण स्पष्ट सांगा. दवाखान्यात त्यांना बरोबर आणलंत तर मीही सांगेन. नातवासाठी त्या ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

शेवटी दहावीच्या मुलांच्या पालकांशी थोडं बोलायचंय. बार्शी, सांगोला, अक्कलकोट, मंगळवेढा, आणि खुद्द शहरातूनही कितीतरी मुलं दहावी झाली की नीटच्या तयारीसाठी लातूरला जातात, काही पुण्याला, काही थेट कोट्याला. तारा अर्ध्यात असतात. तिथे मेसचं जेवण, पहाटेची अभ्यासिका, रात्री बाराला झोप, आणि ब्रश सकाळी एकदाच, तोही घाईत. टॉर्च धरायला कुणी नाही. या मुलांचे स्क्रू सुजून यायचं प्रमाण मला नेहमीच जास्त दिसतं. त्यांना एकच काम सांगा, दर रविवारी घरी फोन करायच्या आधी दोन्ही बाजूंचा एकेक फोटो पाठवायचा. खोलीतल्या मित्राने टॉर्च धरला की पाच मिनिटांत होतं. आणि बाहेरगावी जायचं ठरलं असेल, तर ते दहावीच्या परीक्षेनंतर नव्हे, आधीच्या दिवाळीतच डॉक्टरांना सांगा. निघणारे स्क्रू बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच निघतात. वेळेवर कळलं, तर मूल घरी, तुमच्या नजरेसमोर असतानाच ते महिने पार पडतील अशी उपचारांची आखणी करता येते.